चाळीस पानांचा वाटा

आमच्या घरात वाटणीचा एक कायदा होता आणि तो आईनं केला होता. एकीनं वाटे पाडायचे, दुसरीनं आधी उचलायचं. गुळाचा खडा असो, एकच पपई असो, नाहीतर नानांनी आठवडे बाजारातून आणलेली पावशेर जिलबी असो. हात एकीचा आणि निवड दुसरीची. पुढच्या खेपेला उलट. पाळी कुणाची हे आई कधी विसरत नसे. ती शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, तिला ही युक्ती कुठून सुचली कोण जाणे. जिला वाटे पाडायचे असतात ती अगदी जीव ओतून सारखे वाटे पाडते, कारण मोठा राहिला तर तो दुसरी उचलणार हे तिला ठाऊक असतं. पुढे मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकी सोपी आणि इतकी पक्की गोष्ट मला शिकवायला मिळाली नाही. आणि याच कायद्याचा आधार घेऊन मी माझ्या सख्ख्या बहिणीला फसवलं. बाकी आठवणी मी हसतखेळत लिहिल्या आहेत; हे प्रकरण मात्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा वही मिटून ठेवली.

खरं सांगायचं तर तो कायदा आमच्याकडे कधी नीट चाललाच नाही, आणि त्याला कारण ताई. शकूताई माझ्याहून दीड वर्षानं मोठी. उचलायची पाळी तिची असली की ती आधी मोठ्या वाट्याकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे बघायची, आणि लहान वाटा उचलून चालू लागायची. मला ती सवय इतकी अंगवळणी पडली की माझी वाटे पाडायची पाळी आली की मी खुशाल कमीजास्त कापायची. आईच्या ते लक्षात यायचं. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "मंदे, तुझी सुरी लय वाकडी चालती बरं का." मी हसायची. ताईही हसायची. मला हसू येण्याचं कारण मला माहीत होतं. तिला का येई, हे मी कधी विचारलं नाही.

चांदवडला आग्रा रोडच्या कडेला आमचं भाड्याचं घर होतं. पुढच्या बाजूला ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे दुरुस्त करायचं दुकान, मागं आमच्या तीन खोल्या. दिवसभर लोखंडावर घण पडत असायचे. घाट उतरून आलेल्या ट्रकांचे हॉर्न, घणांचे आवाज आणि मधूनच मिस्त्रीच्या शिव्या, या सगळ्यात नाना आम्हाला शुद्धलेखन घालायचे. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. कांद्याच्या दिवसात सगळ्या गावाला कांद्याचा वास यायचा, उशीला, पुस्तकांना, अगदी डोक्याच्या तेलालासुद्धा. सकाळी बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा, रविवारी शेंगोळे. कुळथाच्या पिठाचे ते वळलेले तुकडे उकळत्या पाण्यात सोडायचं काम ताईचं, कारण माझे तुकडे लांबीला सारखे व्हायचे नाहीत. पातेलं चुलीवरून उतरलं की घरात जो कोणी असेल त्याला ती बोलवायची, पाट्याच्या दुकानातल्या मिस्त्रीलासुद्धा. चहाचंही तसंच. एकटीपुरता चहा ताईला आजतागायत करता आलेला नाही. आधण ठेवायच्या आधी ती घरभर फिरून विचारणार, तुला घोटभर देऊ का?

उन्हाळ्यात आम्हा दोघींची नेमणूक गच्चीवर व्हायची. कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले, त्यांच्यावर कावळे येऊ नयेत म्हणून राखण. दोन खाटा उभ्या करून त्यावर आईचं जुनं लुगडं टाकायचं आणि त्या सावलीत पत्ते कुटायचे. चौघं जमली की मेंढीकोट, दोघीच असलो की बदाम सात नाहीतर गुलामचोर. पत्त्यांचा कॅट नानांच्या लग्नाच्याही आधीचा, कडा मऊ पडलेल्या. त्यातली इस्पिक पंजी केव्हातरी वाऱ्यानं उडून गेली होती. नानांनी पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून त्यावर शाईनं पाच इस्पिकं काढली होती. पाठीमागून ते पान शंभर पावलांवरूनही ओळखू यायचं. ताई पत्ते माझ्यापेक्षा चांगलं खेळायची. कोणती पानं पडून गेली हे तिच्या लक्षात राहायचं. पण पंजीचं पान समोरच्याच्या हातात दिसलं तरी ती ते न पाहिल्यासारखं खेळायची. मी मात्र नेमकी त्याच्यावर डोळा ठेवून असायची.

आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. विषमज्वरात ताईचं एक वर्ष गेलं आणि मी तिला गाठलं. दहावीची परीक्षा आम्ही एकाच बाकावर अभ्यास करून दिली. मला गणिताशिवाय काही दिसत नव्हतं, आणि माझ्याइतकं गणित गावात कुणाला येत नाही अशी माझी ठाम समजूत होती. ताईला औषधाच्या दुकानात बसायचं होतं. डॉक्टर नाही, नर्स नाही. औषधाच्या दुकानात, पांढरा कोट घालून, काचेच्या कपाटासमोर. दवाखान्याशेजारच्या दुकानात ती आईचं औषध आणायला जायची आणि तासतासभर यायची नाही. डॉक्टरांचं अक्षर तिला वाचता यायचं. एकदा टॉनिकच्या बाटलीवरची तारीख उलटून गेल्याचं दुकानदाराच्या आधी तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून तो तिला रिकामी खोकी देऊ लागला. त्या खोक्यांवरची नावं ती एका वहीत उतरवून ठेवायची. डावीकडे औषध, उजवीकडे कशावर. त्यासाठी सायन्स घ्यायचं आणि सायन्ससाठी नाशिकला जायचं, हे तिनं सातवीतच कुठूनतरी विचारून ठेवलं होतं. पुढचं गणित शिकायचं तर मलाही नाशिकच गाठावं लागणार होतं.

परीक्षा संपल्यावर मामा एका लग्नासाठी आला होता. तो नाशिकला सरकारी कचेरीत कारकून होता आणि आपलं कॉलेजचं गणिताचं पुस्तक त्यानं अजून जपून ठेवलं होतं. मी हट्ट करून ते मागवून घेतलं. मे महिन्यात कुरडयांची राखण करता करता मी ते शेवटून वाचायला लागले, कारण शेवटच्या प्रकरणात पत्ते होते. संभाव्यता. चांगल्या पिसलेल्या बावन्न पानांतून एक पान काढलं तर ते राजा असण्याची शक्यता किती, दोन काढली तर दोन्ही लाल असण्याची किती. आपण उन्हातान्हात जो खेळ खेळतो त्याच्या पोटात असा हिशेब आहे हे कळल्यावर मी वेडी झाले. ताईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "पान यायचं तवा येतं मंदे. ते काय पुस्तक वाचून येतं व्हय?" मला राग आला. तिला काही कळत नाही, असं माझ्या मनानं तेव्हाच ठरवून टाकलं.

जूनमध्ये निकाल लागला. दोघी पास, दोघींना चांगले मार्क. माझे तिच्यापेक्षा सात जास्त. नानांनी पेढे वाटले. दोघींना कॉलेजसाठी ठेवून घेशील का, असं त्यांनी मामाला लिहिलं होतं; चार दिवसांनी त्याचं कार्ड आलं. क्वार्टर दोन खोल्यांचं, त्याची स्वतःची तीन मुलं, मामीची तब्येत नाजूक. मुलगी एकच ठेवता येईल, कोणती ते तुम्ही ठरवा, सोमवारी फॉर्म भरायचा आहे. वसतिगृहात मुली ठेवायला नाना तयार नव्हते. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. आईनं भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. ती जळाल्याचा वास घरभर झाला तरी कुणी उठलं नाही.

सात मार्क जास्त म्हणून मला पाठवावं असं नानांच्या मनात आलं असणार. पण मोठी ताई. आणि आईला निवड करणंच मान्य नव्हतं. "दोघी माझ्याच पोटच्या. मी नाय सांगणार," ती म्हणाली. नाना म्हणाले, चिठ्ठ्या टाकू. तेव्हा मी म्हटलं, चिठ्ठ्या नकोत, पत्ते काढू. ताईला पत्ते आवडतात. आई जरा विचार करून म्हणाली, "पत्ते तर पत्ते. पर आपल्या रीतीनं. एकीनं वाटे पाडायचे, दुसरीनं उचलायचे. मागच्या टायमाला कलिंगड शकूनं कापलं व्हतं. आता मंदीची पाळी." ठरलं. रविवारी सकाळी.

चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर निम्मी संधी माझी होती आणि निम्मी तिची. लाल आणि काळं असे वाटे पाडले असते तरी तेच. मला निम्म्यावर भागवायचं नव्हतं. मी मामाचं पुस्तक घेऊन वरच्या माळ्यावर गेले आणि दोन दिवस तिथंच बसले. आई म्हणायची, पोरीनं धसका घेतला. मी शोधत होते असा वाटा, जो दिसायला लहान असेल आणि निघायला मोठा. तो मला सापडला. बावन्न पानांत चित्राची पानं बारा: चार राजे, चार राण्या, चार गुलाम. उरलेली चाळीस. एकच पान काढायचं असेल तर चाळीसवाली जिंकणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तीन पानं काढायची, आणि तिन्हींत एक जरी चित्र निघालं तरी बारावाली जिंकली असं ठरवलं, तर? पहिलं पान साधं निघायला बावन्नात चाळीस. ते निघालं की उरल्या एक्कावन्नात एकोणचाळीस. मग पन्नासात अडतीस. तिन्हींचा गुणाकार केला की शंभरात पंचेचाळीससुद्धा भरत नाहीत. पंचावन्न चित्रांचे.

मी दोन पानांचाही हिशेब करून पाहिला होता. त्यात ताईचं पारडं जड होतं. चार पानं काढली असती तर शंभरात सहासष्ट माझे झाले असते. पण चार म्हटल्यावर नानांनी भुवया उंचावल्या असत्या. तीनमध्ये कुणाला काही वावगं वाटणार नव्हतं. एवढं सगळं मी थंड डोक्यानं केलं हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा मी पोर होते, काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. मी चिंचोके घेऊन शंभर वेळा तीन तीन पानं काढली. चित्र आलं की चिंचोका डावीकडे, नाही आलं की उजवीकडे. डावीकडे सत्तावन्न जमले. खाली ताई माझ्यासाठी लिंबाचं सरबत करत होती. तिनं ते माळ्याच्या शिडीवरून वर दिलं आणि म्हणाली, "इतका इचार नको करू. जे व्हईल ते व्हईल."

रविवारी सकाळी नाना आंघोळ करून बसले होते. सतरंजी अंथरलेली. मी माझे वाटे सांगितले. "तीन पानं काढायची. एक वाटा चित्रांचा, बारा पानं. दुसरा वाटा बाकीच्यांचा, चाळीस पानं. तिन्ही पानं साधी निघाली तर चाळीसवाली नाशिकला जाईल. चित्र आलं तर बारावाली. ताई, तू उचल."

नानांनी विचारलं, "एक्का कशात? त्याला पण मान असतो."

"एक्का चाळीसात," मी उदारपणे म्हटलं.

नाना माझ्याकडे बघत राहिले. चार मोठ्या वर्गांना एकाच खोलीत शिकवणारा तो माणूस, बेरजा-वजाबाक्यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एकामागून एक पानं काढताना काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना दिसले ते चाळीस आणि बारा. त्यांचे डोळे भरून आले. "बघ गं," ते आईला म्हणाले, "धाकटी असून किती समजूतदार. बहिणीला उचलायला एवढा मोठा वाटा ठेवलाय."

ताई आधी त्या कॅटकडे बघत होती, मग माझ्या तोंडाकडे. ते बघणं मी ओळखत होते. गुळाचा लहान खडा उचलायच्या आधी ती असंच बघायची. माझ्या सगळ्या हिशेबात ही एक गोष्ट मी धरलीच नव्हती. ती सवयीनं बारा उचलणार, आणि मी पाडलेला लबाड वाटा तिच्या पदरात पडणार. तिचा हात हललेला मला दिसला. आणि मग मी ते केलं, ज्याची लाज मला त्या गुणाकारापेक्षाही जास्त वाटते. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हटलं, "ताई, दर वेळी लहान घेतेस. आज नको गं. आज तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. मोठा घे."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "घेऊ?" आईकडे बघून तिनं पुन्हा विचारलं, "घेऊ का गं आई?" आई म्हणाली, "घे की. तिनंच दिलाय ना." ताई म्हणाली, "चाळीस."

नानांनी पानं पिसली, आईनं काटली. ताई पान काढायला वाकली आणि थांबली. "थांबा नाना. ती पंजी काढून ठेवा."

"का गं?"

"पुठ्ठ्याची हाय ना. मला पाठमोरी ओळखू येती. ती उचलली तर लबाडी व्हईल."

नानांनी पंजी शोधून बाजूला ठेवली. ताईच्या वाट्याचं एक पान ताईनंच कमी केलं. माझ्या डोक्यात तेवढ्यातही आकडा हलला: पंचावन्नचे छप्पन्न झाले. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पहिलं पान चौकट सत्ती. आईनं श्वास सोडला. दुसरं किलवर नव्वी. पुढच्या दुकानातला घण थांबला होता की मलाच ऐकू येत नव्हता, सांगता येत नाही. आता एकोणपन्नास पानं उरली होती, त्यात चित्रं बारा. माझी संधी चारात एकही धड उरली नव्हती. आपण गेलो, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्याच क्षणी कुठंतरी मला हायसंही वाटलं. जिंकू दे तिला, म्हणजे मी काही केलंच नाही असं होईल. ताईनं तिसरं पान काढलं, स्वतः न बघता सतरंजीवर उलटं केलं. किलवर गुलाम.

मग ताईच हसली. "बघ, मी म्हणत नव्हते, पान यायचं तवा येतं." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शेंगोळ्यांचं पीठ मळायला आत गेली. त्या दिवशीचे शेंगोळे खारट झाले होते. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ले.

माझी ट्रंक ताईनंच भरली. तिची औषधांची वही तिनं कपड्यांच्या तळाशी ठेवलेली मला नाशिकला गेल्यावर सापडली. आत लिहिलं होतं, तुझ्या वर्गात कुणाला लागली तर दे. मी कुणाला दिली नाही आणि उघडलीही नाही. पुढच्या वर्षी ताईचं बघू असं मामा म्हणाला होता, पण पुढच्या वर्षी त्याची सासू अंथरुणाला खिळून त्यांच्याकडेच राहायला आली. ताईनं गावातच आर्ट्सला नाव घातलं. बारावीनंतर वणीचं स्थळ आलं. गडावर जाणाऱ्या भाविकांसाठी नारळ, ओटीचं सामान, हळदकुंकू विकायचं दुकान. चाळीस वर्षं ती त्या दुकानात बसते आहे. कुंकवाच्या डब्या तिनं काचेच्या कपाटात ओळीनं लावल्या आहेत, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली, डावीकडे नाव, उजवीकडे भाव. मी दुकानात गेले की त्या कपाटाकडे पाठ करून बसते.

शिकवायला लागल्यावर दर वर्षी संभाव्यता यायचीच. पत्त्यांची गणितं मी फार छान शिकवते असं मुलं म्हणायची. एक पान, दोन पानं, चार पानं. तीन पानांचं उदाहरण मी फळ्यावर कधी घेतलं नाही. घरी गेल्यावर मी माझ्या बाजूनं वकिली करायची. मी शंभरातले फक्त पाच-सहाच तर चोरले होते. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी मी जिंकलेच असते कदाचित. शेवटच्या पानाला तर ताईच पुढे होती. हे सगळं गणितानं बरोबर आहे. पण आईनं निवड ताईच्या हातात दिली होती ती ताईच्या रक्षणासाठी, आणि मी तोच हात धरून नेला, हे कोणत्या गुणाकारात बसवायचं ते मला आजही कळत नाही.

गेल्या चैत्रात ताई गुडघा दाखवायला नाशिकला आली आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. आई-नाना आता नाहीत. दुपारी मी कलिंगड कापलं. दोन फोडी ताटलीत ठेवल्या, एक मोठी, एक जराशी लहान; सुरी अजून वाकडीच चालते. ताटली तिच्यापुढे सरकवली. तिनं लहान फोड उचलली.

मी म्हटलं, "ताई, आता तरी मोठी घे की. किती वर्षं बारकीच घेणार आहेस?"

"घेतली व्हती की एकदा," ती बी काढत म्हणाली.

"कधी?"

"पत्त्याच्या टायमाला. चाळीस उचलली व्हती. तू आपली देऊ केली न् मी बी हावरटासारखी घेतली. तवाच मनात टोचत व्हतं, धाकट्या बहिणीचं जास्त घेऊन आपलं भलं व्हईल व्हय? देवानं तिथल्या तिथं दाखवलं. मग मी कानाला खडा लावला."

हे ती अगदी सहज म्हणाली, गेल्या साली पाऊस कमी झाला म्हणावं तसं. आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. सासरी पुढची हवेशीर खोली तिनं धाकट्या जावेला दिली. नानांच्या सामानातलं तिनं फक्त जुनं घड्याळ घेतलं, तेही बंद. दुकानावर मुलाचं नाव लावताना स्वतःचं लावायचं सुचवलं तर ती घाबरून नको नको म्हणाली होती. मी म्हणत आले, ताईचा स्वभावच देवमाणसाचा. पोर असताना ती लाडानं लहान वाटा उचलायची. त्या रविवारनंतर ती भीतीनं उचलत होती, आणि ती भीती मी घातली होती.

मी उठून नातवाचा पत्त्यांचा कॅट आणला. मी तिला सगळं सांगितलं, माळा, पुस्तक, चिंचोके, चार पानं का नाही आणि तीन का. तिला ते पटेना. "चाळीस म्हंजे बारापेक्षा जास्तच की गं," ती म्हणत राहिली. तेव्हा मी म्हटलं, काढून बघ. ती पानं काढू लागली. तीन काढायची, परत मिसळायची, पुन्हा तीन. मोजायला तिनं कलिंगडाच्या बिया घेतल्या. वीस डाव झाले. चित्रांच्या बाजूला बारा बिया, साध्यांच्या बाजूला आठ. ती त्या दोन ढिगांकडे बराच वेळ बघत बसली.

"तुला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

"मला मोठा घे म्हणालीस, तवा बी?"

"हो ताई."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. ताईनं बोटानं एक बी इकडून तिकडे सरकवली, परत जागेवर आणली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"म्हंजे मी हावरट नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आवाज आला. मी बिया गोळा करत, तिच्या हाकेची वाट बघत बसले. हाक आली नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एकच कप होता. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून, फुंकर मारत मारत, तिनं तो सावकाश संपवला.